बाबांची झोपेची गोळी कशी सुटेल? गोळीची झोप, पेगची झोप आणि खरी झोप

गोदाकाठ (धागालेखक)

नमस्कार मंडळी. वडील ७१ वर्षांचे, नाशिकला आमच्याकडेच असतात. आई गेली आणि त्यांची झोप उडाली. तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.२५ लिहून दिली होती, थोडे दिवस घ्या म्हणून. ती कधी थांबलीच नाही. मधे ती ०.५ झाली, कोणी केली हेही आता कोणाला आठवत नाही.

परवा रात्री बाथरूमला जाताना बाबा पडले. हाड वाचलं, कपाळाला टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, ही गोळी कमी करा. बाबा हट्टी. त्यांनी त्याच रात्री गोळी पूर्ण बंद केली. मग डोळ्याला डोळा नाही, हात थरथरायला लागले, घाम, छातीत धडधड. आम्ही घाबरून पुन्हा चालू केली आणि सगळं थांबलं.

आता ते म्हणतात, "बघितलंस ना? गोळी नसली की मला झोप येत नाही. म्हणजे मला तिची गरज आहे." यावर काय बोलावं ते मला सुचत नाही. गोळीने येते ती झोपच असते ना? कोणाच्या घरी अशी गोळी सुटली आहे का? कशी?

---

शेवंती

माझ्या आईची सुटली. वेळ लागला, पण सुटली. एवढंच सांगते, घरच्या घरी प्रयोग करू नका. ब्लेडने गोळीचे तुकडे करणं आम्हीही सुरू केलं असतं, पण आधी डॉक्टरांना विचारलं ते बरं झालं. इथे कासवचाल आहेत, त्या बोलतील तर बरं.

---

कासवचाल

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. इथे बसून कोणाचा डोस ठरवणार नाही, पण बाबांच्या त्या वाक्याला उत्तर द्यायलाच हवं. ओपीडीत ते मी जवळजवळ रोज ऐकते.

गाबा हे मेंदूतलं चेतापेशींना शांत ठेवणारं रसायन. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपिन कुळातली औषधं गाबाचा परिणाम वाढवतात. वर्षानुवर्षं रोज रात्री बाहेरून ही कुमक मिळाली की मेंदू स्वतःची शांतवण्याची व्यवस्था आखडती घेतो. मग एका रात्रीत गोळी बंद केली तर उत्तेजनाला आवरायला कोणी उरत नाही. थरथर, घाम, धडधड, पूर्वी होता त्याहूनही वाईट निद्रानाश, काहींना चक्क फिट. बाबांना जे झालं ते हेच. त्या रात्रींवरून बाबांची मूळ झोप आज कशी आहे हे काहीच कळत नाही. त्यांनी पाहिला तो औषध सुटतानाचा त्रास. तो त्रास गोळीनेच थांबतो, म्हणून गोळीची गरज आहे असं वाटतं. या चक्रात भलीभली, शिकलेली, शिस्तीची माणसं अडकतात. बाबांना दोष देऊ नका.

आता ती झोपच ना, हा प्रश्न. रात्रभर आपण एकाच प्रकारे झोपत नाही. साधारण ९० मिनिटांची एकेक फेरी असते: हलकी झोप, मग गाढ झोप, मग स्वप्नांची आरईएम झोप. पहाटेपर्यंत अशा चार-पाच फेऱ्या होतात. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त, पहाटेकडे स्वप्नांची जास्त. बेन्झोडायझेपिनने झोप लवकर लागते हे खरं. पण मेंदूचा आलेख काढला तर गाढ झोपेतल्या मोठ्या, संथ लहरी कमी झालेल्या दिसतात आणि मधली, हलकी झोप वाढलेली. म्हातारपणी गाढ झोप तशीही कमी होत आलेली असते, त्यात ही आणखी कपात.

आणखी एक गोष्ट रुग्णांना सांगितली की ते चकित होतात. या गोळ्या नवी आठवण साठवण्याचं काम मंदावतात. शस्त्रक्रियेआधी याच कुळातलं मिडाझोलाम देतात ते काही अंशी त्यासाठीच, पुढचं आठवू नये म्हणून. त्यामुळे रात्री तीनदा जाग आली तरी सकाळी ती आठवेलच असं नाही. "काल मस्त झोप लागली" या समाधानात थोडा वाटा या विसरण्याचाही असतो.

पडण्याबद्दल: तरुण निरोगी माणसाच्या रक्तातली अल्प्राझोलाम निम्मी व्हायला सुमारे ११ तास लागतात, वय झालेल्यांत त्याहून जास्त. रात्री दोनला बाबा उठतात तेव्हा ती भरात असते. तोल, स्नायू, लक्ष, सगळं ढिलं. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची बिअर्स यादी आहे, ६५ च्या पुढे जपून द्यायच्या किंवा टाळायच्या औषधांची. तिच्यात हे अख्खं कुळ आहे.

गोळी सुटते. पण हळू. सध्याच्या मार्गदर्शनात सुरुवातीची कपात साधारण ५ ते १० टक्के, तीही दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, असं सांगतात. पुढची पायरी माणूस बघून. एखाद्याला सहा महिने लागतात, एखाद्याला वर्षाच्या वर. घाई करायचं काहीही कारण नसतं.

---

औषधपेटी

माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून लिहितो. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही शेड्यूल एच-१ मधली औषधं आहेत. २०१४ च्या मार्चपासून हा नियम लागू आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, वेगळ्या रजिस्टरमध्ये रुग्ण, डॉक्टर, औषध आणि किती दिलं याची नोंद ठेवायची आणि ती नोंद तीन वर्षं सांभाळायची. तरीही जुनी, मळलेली चिठ्ठी दाखवून "काका, नेहमीचीच आहे हो" म्हणणारे रोज येतात. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, सज्जन, ओळखीचे. नाही म्हणताना जीव तुटतो, पण म्हणावं लागतं. कित्येकांची चिठ्ठी देणारे डॉक्टर निवृत्त झालेले असतात, काहींचे तर या जगात नसतात. घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे: आई-वडिलांच्या औषधांचा डबा वर्षातून एकदा तरी डॉक्टरांसमोर पालथा घाला.

---

टपरीवरचा

मनापासून विचारतो. आमच्याकडे वडील रात्री दोन पेग घेऊन झोपायचे, आयुष्यात गोळी लागली नाही. मलाही कामाचा ताण असला की एक घेतला की लगेच डोळा लागतो. हे गोळीपेक्षा सौम्य नाही का?

---

पानगळ

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. निद्रा, मादक द्रव्यं आणि जाणिवेच्या बदललेल्या अवस्था हे एकच प्रकरण म्हणून अभ्यासक्रमात असतं. विद्यार्थी पहिल्यांदा विचारतात, या तीन गोष्टींचा एकमेकांशी काय संबंध? तुमच्या प्रश्नात तो संबंध आहे.

मद्यही गाबाच्याच दारातून आत शिरतं. शिवाय मेंदूला उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटला दाबतं. म्हणून डोळा पटकन लागतो आणि रात्रीचा पहिला भाग गाढ जातो. पण त्या भागात आरईएम झोप दाबली जाते. मध्यरात्रीनंतर यकृत मद्य निपटून टाकतं आणि चित्र उलटतं. घसा कोरडा, घाम, लघवी, तीन-चार वाजता टक्क जाग, पहाटे भडक स्वप्नं. मेंदू आरईएमचा हिशोब वाण्याच्या उधारीच्या वहीसारखा ठेवतो. दाबून ठेवलेली झोप तो नंतर वसूल करतो, आणि एकदम करतो.

गांजाचंही असंच. रोज ओढणारे म्हणतात, मला स्वप्नंच पडत नाहीत. सोडल्यावर पहिल्या आठवड्यात इतकी जिवंत, विचित्र स्वप्नं पडतात की घाबरून परत ओढायला लागतात. स्वप्नांचा हा पूर येऊन ओसरतो, हे आधी माहीत असलं तर माणूस टिकून राहतो.

तेव्हा सौम्य म्हणता येणार नाही. शिवाय मद्याने घशाचे स्नायू सैल पडून घोरणं वाढतं, श्वास अडतो. आणि गोळी आणि पेग एकत्र कधीही नको. दोन्ही मिळून श्वासाची प्रेरणाच मंदावते. यात माणसं गेलेली आहेत.

---

सीमोल्लंघन

टपरीवरचा यांनी विचारलं ते बरं केलं. माझ्या मामांचं सांगते. खुब्याचं ऑपरेशन झालं, सगळं उत्तम. तिसऱ्या दिवशी मामा भिंतीवर किडे दाखवायला लागले. सलाइनची नळी उपटली, नर्सताईंना चोर समजून ओरडले. घरात कुजबुज सुरू, भुलीने डोकं फिरलं म्हणून. एका तरुण डॉक्टरने मामींना बाजूला घेऊन शांतपणे विचारलं, हे रोज घेतात का? मामींनी मान डोलावली. ऑपरेशनआधी फॉर्म भरताना "कधीतरी" असं लिहिलं होतं, लोकलज्जेस्तव.

रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास हे होऊ शकतं, आणि त्यात जीवही जाऊ शकतो, असं त्यांनी समजावलं. औषधं दिली, मामा शुद्धीवर आले. दिलं ते औषध गोळ्यांच्या याच कुळातलं होतं, हे आज कासवचाल यांचं वाचून कळलं. हॉस्पिटलमध्ये पिण्याबद्दल खरं सांगा हो. अब्रू जात नाही.

---

कासवचाल

सीमोल्लंघन, हे लिहिलंत त्याचे आभार. बरोबर आहे, मद्य सुटतानाच्या वातभ्रमावर आजही बेन्झोडायझेपिन हेच मुख्य औषध आहे, सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. म्हणून मी या औषधांना वाईट म्हणत नाही. फिट थांबवायला, तीव्र घबराटीत, शस्त्रक्रियेआधी ती मोलाची आहेत. १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम बाजारात आली, दोन्ही रोश कंपनीच्या लिओ स्टर्नबाख यांच्या प्रयोगशाळेतून. त्याआधी झोपेसाठी बार्बिट्युरेट्स असत. त्यांच्यात झोप आणणारा डोस आणि जीव घेणारा डोस यांत अंतर फार थोडं. त्या काळच्या डॉक्टरांना नव्या गोळ्या वरदान वाटल्या, आणि तुलनेने त्या होत्याच. अडचण झाली ती त्या वर्षानुवर्षं चालू ठेवण्याने. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या प्राध्यापक हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं केवळ या गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवलं. हळूहळू उतरवण्याची पद्धत त्यांच्या रुग्णांकडून शिकत शिकत घडली आहे.

---

मांजराकाठ

आमचा भाग देगलूर-बिलोलीचा, तेलंगणाला लागून. पलीकडे ताडीला कल्लू म्हणतात. तिच्यात नशा वाढावी म्हणून अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट अशी गुंगीची औषधं मिसळतात. पिणाऱ्याला वाटतं आपण ताडी पितोय. २०१५ मध्ये तिकडे भेसळीवर कारवाई झाली आणि निजामाबाद, मेदक भागात माणसं दवाखान्यांत यायला लागली: फिट, थरथर, असंबद्ध बडबड. झाडाची ताडी सुटल्याने असं होत नाही. सुटली होती ती गोळी, जी आपण घेतोय हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मजुरी करणारी माणसं ही. गोदाकाठ, तुमच्या वडिलांना निदान कळतंय की काय सुटताना त्रास होतोय. त्यांच्या नशिबी तेवढंही नव्हतं.

---

खोली_३०२

थोडं विषयांतर, पण झोपेचंच आहे. मी हॉस्टेलला राहते, परीक्षा चालू आहेत. पहाटे डोळे उघडतात, खोली दिसते, पंखा दिसतो, पण हातपाय हलत नाहीत. छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतं. एकदा दाराशी काळी आकृती उभी दिसली. ओरडायला जाते तर आवाज फुटत नाही. आजीला सांगितलं तर तिने उशाखाली ठेवायला अडकित्ता पाठवून दिला. मैत्रीण म्हणते, डॉक्टरला दाखव. मला वेड लागतंय का?

---

पानगळ

अजिबात नाही. बाळा, हे निद्रापक्षाघात म्हणून ओळखलं जातं आणि हे अनुभवलेली माणसं तुझ्या वर्गातही निघतील.

थोडं मागे जाऊन सांगतो, म्हणजे भीती जाईल. १९५३ पर्यंत सगळ्यांची समजूत अशी की झोप म्हणजे मेंदू विझणं. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की नावाचा विद्यार्थी नथॅनिएल क्लाइटमन यांच्याकडे काम करत होता. त्याने स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला, आर्मंडला, रात्री यंत्र जोडून झोपवलं. मुलगा गाढ झोपलेला आणि कागदावरच्या सुया मात्र जाग्या माणसासारख्या नाचतायत. पापण्यांआड बुबुळं वेगाने फिरत होती. त्याच वेळी उठवलेल्या माणसांनी स्वप्नं सांगितली. ही आरईएम झोप. पुढे फ्रान्समध्ये लिऑं शहरात मिशेल जूव्हे यांनी मांजरांवर काम केलं आणि दाखवलं की या अवस्थेत मेंदू जागा असल्यासारखा सक्रिय असतो, पण शरीर तोलून धरणारे स्नायू पूर्ण शिथिल. त्यांनी या झोपेला विरोधाभासी झोप म्हटलं. मेंदूच्या देठातला शिथिलता आणणारा छोटा भाग निकामी केल्यावर ती मांजरं झोपेतच उठली, दबा धरून बसली, नसलेल्या उंदरावर झेपावली. तो भाग आपल्याला रोज रात्री स्वप्नातल्या हालचालींपासून वाचवतो.

तुझ्या बाबतीत होतं ते असं: जाणीव जागी झाली, आणि शिथिलता उतरायला काही क्षण उशीर झाला. श्वास चालूच असतो, पण छातीचे सहायक स्नायू सैल असल्याने दीर्घ श्वास घेता येत नाही, म्हणून ओझं वाटतं. स्वप्नाचा अंश उघड्या डोळ्यांसमोर उतरतो, म्हणून आकृती दिसते. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये लोक म्हणतात म्हातारी छातीवर बसली, जपानमध्ये याला कानाशिबारी म्हणतात, कोकणात कोणी मुंजा म्हणेल. स्विस चित्रकार फ्यूसेलीने १७८१ मध्ये झोपलेल्या बाईच्या छातीवर बसलेलं भूत रंगवलं, ते हेच असावं असं पुष्कळांना वाटतं. अनुभव जगभर सारखा, नाव ज्याच्या त्याच्या गावचं.

जागरण, वेळी-अवेळी झोप, ताण आणि उताणं झोपणं यांनी हे वाढतं. परीक्षेपुरतं तरी कुशीवर झोप. झालंच तर सगळं शरीर हलवायचा आटापिटा करू नकोस. एकच बोट किंवा पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न कर आणि श्वासाकडे लक्ष दे. काही क्षणांत सुटतं. आजीचा अडकित्ता राहू दे उशाशी, तिची माया आहे ती. मात्र दिवसा अनावर झोप येत असेल आणि मोठ्याने हसताना गुडघे किंवा मान लटकी पडत असेल तर मज्जाविकारतज्ज्ञांना जरूर दाखव. तो वेगळा आजार असतो.

आणि रात्रभर जागून अभ्यास नको. १९६३ च्या डिसेंबरात सॅन डिएगोचा रँडी गार्डनर हा १७ वर्षांचा मुलगा विज्ञानप्रदर्शनासाठी सलग २६४ तास, म्हणजे ११ दिवस, जागा राहिला. कसलीही नशा न करता त्याला रस्त्यावरची पाटी माणूस वाटू लागली, साधी वजाबाकी मधेच विसरायला झाली. आता गिनीज बुकवाले जागरणाचे विक्रम नोंदवतही नाहीत.

---

खोली_३०२

सर, काय बोलू. हे वाचून रडायलाच आलं. हसताना तसं काही होत नाही. कुशीवर झोपून बघते. थँक्यू.

---

पिंपळपार

पानगळ सरांनी मांजरांचं लिहिलं ते वाचून अंगावर काटा आला. आमचे सासरे, वय ६६, झोपेत लाथा झाडतात, बुक्के मारतात. सासूबाईंच्या खांद्यावर वळ उठला. उठवलं की सांगतात, स्वप्नात कुत्रं मागे लागलं होतं. दिवसा एकदम शांत माणूस. कोणी म्हणतं जुना राग बाहेर पडतोय.

---

कासवचाल

पिंपळपार, राग वगैरे काही नाही, आणि हे टाळू नका. जूव्हे यांच्या मांजरांत जे दिसलं ते १९८६ मध्ये मिनेसोटात शेंक आणि माहोवाल्ड यांनी माणसांत नोंदवलं. स्वप्नाच्या झोपेतली शिथिलता हरपते आणि माणूस स्वप्न कृतीत उतरवतो. बहुतेक वेळा पन्नाशीनंतरचे पुरुष. यातल्या पुष्कळांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन्स किंवा त्याच्या जातीचा आजार होतो. म्हणून मज्जाविकारतज्ज्ञांची भेट आणि झोपेची तपासणी हवी. वास येणं कमी झालंय का, बद्धकोष्ठ आहे का, नैराश्याची काही औषधं चालू आहेत का, हे त्यांना सांगा. तोवर सासूबाईंनी वेगळ्या पलंगावर झोपावं, सासऱ्यांच्या पलंगाजवळ काच किंवा टोकदार काही ठेवू नये, खाली गादी घालावी. यावर मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम देतात. हो, तेच कुळ, जे आपण गोदाकाठ यांच्या बाबांचं सोडवायला निघालोय. औषध तेच, प्रश्न निराळा.

---

तुरीय

इतकी चर्चा झाली पण आपल्याकडच्या विचाराचा उल्लेख नाही. माण्डूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय असे चार पाद सांगितले आहेत. स्वप्नाची झोप आणि स्वप्नरहित झोप वेगळी, हे तेव्हाच ओळखलं होतं. पतंजलींनी सिद्धींची उगमस्थानं सांगताना मंत्र, तप, समाधी यांच्या ओळीत औषधीही ठेवली आहे. मग बाबांना गोळीऐवजी योगनिद्रा का नाही?

---

पानगळ

तुरीय, उल्लेख केलात ते छान. अवस्थांची ती विभागणी मी वर्गात पहिल्याच तासाला सांगतो, मुलांना ती चटकन पटते. फक्त उपनिषदाचा रोख वेगळा आहे. जाणणारा कोण, हा त्याचा प्रश्न. निद्रानाशावरचा उपाय त्यात शोधायला नको.

योगाची प्रयोगशाळेत तपासणी आपल्याकडे फार आधी सुरू झाली, हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम १९२४ मध्ये काढलं ते याच हेतूने. १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांचे मेंदू-आलेख प्रसिद्ध केले. दोन योग्यांनी ४ अंश सेल्सियसच्या पाण्यात पाऊण तासाहून जास्त हात बुडवून ठेवला आणि त्यांच्या मेंदूतल्या शांत अल्फा लहरी तशाच राहिल्या. ती झोप नव्हती, नेहमीची जागृतीही नव्हती.

योगनिद्रेने शरीर सैलावतं, धास्ती कमी होते, बाबांना उपयोग होईलच. पण गोळी बंद करून तिच्या जागी योगनिद्रा, असं नको. गोळी तिच्या गतीने उतरू द्या, बरोबरीने हे चालू ठेवा.

---

रातराणी

मी नर्स आहे, रात्रपाळी ठरलेलीच. आमच्यात दिवसा झोपायला गोळी आणि रात्री जागायला कॉफी असं चक्र बऱ्याच जणींचं आहे. यातून सुटायला काय करावं?

---

कासवचाल

रातराणी, आधी कॉफी. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साचत जातं आणि त्याने झोपेची ओढ वाढते. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. थकवा आत तसाच असतो, कळत नाही इतकंच. निम्मं कॅफिन उतरायला सुमारे पाच तास लागतात, म्हणून चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या भागातच. शेवटच्या पाच-सहा तासांत नको. घरी जाताना गडद चष्मा, खोलीला जाड पडदे. रात्री दोन-तीनच्या सुमारास शक्य असेल तर वीस मिनिटांची डुलकी. सुट्टीच्या दिवशी पूर्ण उलटं वेळापत्रक करू नका, झोपेचे निदान तीन-चार तास रोजच्या झोपेशी जुळू द्या. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने तर नकोतच. आपल्या हाताशी औषधं असतात, म्हणून आपल्याला धोका जास्त.

---

गोदाकाठ (धागालेखक)

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना कासवचाल यांचा पहिला प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. "तो त्रास गोळीनेच थांबतो" या वाक्याला त्यांनी मला थांबवलं आणि परत वाच म्हणाले.

इथल्याच एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी गोळीला हात लावण्याआधी झोपेची वही लिहायला सांगितली: कधी आडवे झालात, अंदाजे कधी लागली, कधी उठलात, दुपारी किती. वहीतून जे निघालं ते घरात राहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाबा रात्री नऊला पलंगावर जातात आणि सकाळी सातला उठतात. शिवाय दुपारची झोप. झोप येते ती सहा-साडेसहा तासच, बाकी वेळ कुशी बदलत. नऊला का जाता, असं डॉक्टरांनी विचारलं. बाबा म्हणाले, "जेवणानंतर तिच्याशी बोलायचो. आता काय करू बसून?"

डॉक्टरांनी सांगितलेली पद्धत बोलण्याच्या उपचाराची आहे, निद्रानाशासाठीची. अकराच्या आत पलंगावर जायचं नाही, साडेपाचला उठायचं, झोप लागली असो वा नसो. वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. पलंग झोपेपुरताच. दुपारी अर्धा तास, तोही तीनच्या आत. घड्याळ भिंतीवरून उतरवलं. यासोबत गोळीची पहिली छोटी कपात झाली आहे. सुरुवातीच्या रात्री चिडचिडीच्या गेल्या, आता जरा बरं आहे. नऊ ते अकरा मुलगी त्यांच्याबरोबर पत्ते खेळते, आणि आजीच्या गोष्टी निघतात.

---

पानगळ

गोदाकाठ, फार चांगलं चाललंय. यातला पलंग झोपेपुरता ठेवण्याचा भाग रिचर्ड बूटझिन यांचा, १९७२ चा. पलंगावरचा वेळ आवळण्याचा आर्थर स्पीलमन यांचा, १९८७ चा. पलंग म्हणजे तळमळ अशी मनाची बांधलेली गाठ सोडवायची आणि झोपेची भूक वाढू द्यायची. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळ्यांआधी हाच उपचार करा असं सांगितलं. दिवसा पेंग फार येत असेल तर पलंगावरचा हा वेळ थोडा वाढवतात, डॉक्टरांना सांगा. गाडी चालवत असतील तर सध्या नको.

---

शेवंती

वाचून बरं वाटलं. एकच विचारते, बाबा रात्री बाथरूमला किती वेळा उठतात? माझ्या आईची साखर वाढलेली निघाली होती. आणि घोरतात का?

---

गोदाकाठ (धागालेखक)

तीन-चारदा उठतात. घोरतात भरपूर. मधेच घोरणं थांबतं, मग दचकून श्वास घेतात. आई असताना ती त्यांना कुशीवर वळवायची. हे डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं, महत्त्वाचं आहे का?

---

कासवचाल

फार महत्त्वाचं आहे. पुढच्या तारखेची वाट बघू नका, उद्याच फोन करून सांगा. घोरताना श्वास अडत असेल तर ते झोपेतल्या श्वासावरोधाचं लक्षण आहे, आणि बेन्झोडायझेपिन त्यात घशाचे स्नायू आणखी सैल करतात. वारंवार लघवीला उठणंही त्यामुळे असू शकतं. प्रोस्टेट आणि साखर तपासून घ्याच. बाबा झोपल्यावर मोबाइलवर अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग करा, छाती हलताना दिसेल असं, आणि ते डॉक्टरांना दाखवा. झोपेची तपासणी करायची की नाही हे ते त्यावरून ठरवतील. तोवर कुशीवर झोपवा, पाठीशी लोड लावून. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवा आणि भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या.